दवाखान्याच्या छतातल्या कड्या

तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात तुम्ही कधी मान वर करून छताकडे बघितलंय का? फरशी बघितली असेल. भिंतींचा रंग बघितला असेल. उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते दारातल्या पाटीवर वाचलं असेल. पण आजारी तान्हं मूल दिवसभर उताणं पडून ज्याच्याकडे बघत असतं, ते छत?

मी विचारते, कारण शहापूरच्या आमच्या लहान मुलांच्या दवाखान्याची गोष्ट मला कायम छतापासून सुरू झालेली आठवते. त्याची पहिली जागा, नवी इमारत, वरचा मजला, सगळं मी लहानपणापासून वर बघतच बघितलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील भातसानगरला धरणावर नोकरीला होते आणि आई गावोगावच्या बायकांच्या संघटनेचं काम करायची. आमच्या स्वयंपाकघरात पाट्याशेजारी सायक्लोस्टाइलचं मशीन असायचं. त्याच्या शाईचा वास आणि लसणीच्या फोडणीचा वास माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसलेत. बाकीची मुलं अंकलिपीतून अक्षरं शिकली, मी 'हक्क' या शब्दातून शिकले. तो प्रत्येक पत्रकात असायचा, ठळक, खाली दोन रेघा मारलेला. आमच्या धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाशेजारच्या पाड्यांवर बायका उन्हाळ्यात रिकामे हंडे घेऊन उभ्या राहतात, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. बाजारात आमच्या पत्रकांत सुकट बांधून द्यायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. आई म्हणायची, "बांधू दे की. सुकट संपली की वाचतील."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शहापुरात एक डॉक्टरबाई आल्या. साताऱ्याकडच्या, लहान मुलांच्या डॉक्टर, एकट्याच. त्याआधी आमच्याकडच्या मुलाला धाप लागली की कल्याण गाठावं लागायचं. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या वरच्या वाड्यांतून निघालेल्या आईला तर आधी रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघावी लागायची. काही मुलं त्या वाट बघण्यातच जायची. त्याला कुणी गुन्हा म्हणत नसे. नशीब म्हणत. आमच्या घरात हा शब्द उच्चारायला बंदी होती.

डॉक्टरबाईंना जागा मिळाली ती एका भातगिरणीच्या मागचं गोदाम. वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि मधून आडव्या गेलेल्या जुन्या सागाच्या तुळया. गिरणी चालू झाली की कोंड्याची धूळ भिंतीच्या फटींतून आत यायची. धाप लागलेल्या मुलांसाठी याहून वाईट शेजार शोधून सापडला नसता. मग बाई आणि गिरणीवाले शेठ यांनी एक रीत बसवली. मुलाला ऑक्सिजन लावला की बाई मधल्या भिंतीवर पितळेचा तांब्या आपटायच्या आणि पलीकडे गिरणीचा पट्टा थांबायचा. भात भरडायला आलेली माणसं पोत्यांवर बसून तंबाखू मळायची आणि भिंतीकडे बघून विचारायची, "कोणाचा पोर हाय रं?" मग पलीकडून कुणीतरी गावाचं नाव सांगायचं. पुन्हा तांब्या वाजेपर्यंत कुणी घाई करायचं नाही. तांब्या वाजला म्हणजे मूल सावरलं. गिरणीत बसलेल्या माणसांना त्या आवाजाचा केवढा आनंद व्हायचा! गिरणी सुरू होणार म्हणून नव्हे, पोर सावरलं म्हणून. त्यांच्यातला कुणीतरी मोठ्यांदा म्हणायचाच, "वाचला!"

गोदामात बाईंनी लोखंडी खाटा मांडल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात आलेल्या आयांनी खाटांवर पिशव्या, डबे आणि सासवा बसवल्या आणि पोरांसाठी तुळईला झोळ्या बांधल्या. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे मूल जन्मलं की जुनं लुगडं मऊ मऊ करून त्याची झोळी करतात, घरात तुळईला, शेतावर झाडाच्या फांदीला. मूल त्यात गर्भात असल्यासारखं गोळा होऊन पडतं, वरची दोरी हलते आणि डोळे मिटतात. आमच्याकडची मुलं सपाट जागेवर झोपायला फार उशिरा शिकतात. मीही तशीच.

बाईंनी पहिल्या दिवशी त्या झोळ्यांकडे बघितलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी इथं दवाखाना काढलाय का आंबराई?"

एक म्हातारी म्हणाली, "आंबं नाय गो बाय, पोरं हायत. पिकली का उतरवू."

बाई हसल्या आणि सलाइनच्या बाटल्याही त्यांनी त्याच तुळईला बांधायला सुरुवात केली. झोळी आणि बाटली, शेजारी शेजारी. माझा धाकटा भाऊ एका पावसाळ्यात जुलाबानं सुकून तिथं होता, तेव्हा मी खाली जमिनीवर चटई टाकून पडायचे आणि वर बघायचे. एका रांगेत लोंबणारी रंगीत पोटं, हिरवी, जांभळी, लाल काठांची. त्यातून मधूनच एखादा पाय बाहेर यायचा. आई त्याच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून हलवत असायची आणि हातांनी पत्रक लिहीत असायची. त्या पत्रकाचं शीर्षक मला आठवतं: 'मूल आजारी पडलं तर एसटीची नाही, आपल्या दवाखान्याची वाट धरा'. माझा भाऊ बरा झाला. आता तो माझ्याहून उंच आहे आणि त्याला यातलं काहीच आठवत नाही, याचा मला कधी कधी राग येतो.

गोदाम कुणाला आवडत नव्हतं, हेही खरं. आज माणसं त्याच्या आठवणी काढून उसासे टाकतात, तेव्हा मी त्यांना विंचवाची आठवण करून देते. कौलांतून विंचू पडायचे. वाळवीचा भुसा पडायचा. एकदा भर दुपारी एका झोळीत विंचू पडला आणि मुलाच्या आईनं तो हातानं उचलून फेकला. मुलाला काही झालं नाही, तिचा हात सुजला. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर शपथ घेतल्यासारखं सांगितलं, "आता स्लॅब. मला माझ्या मुलांच्या डोक्यावर स्लॅब पाहिजे."

स्लॅब हा शब्द तेव्हा आमच्या तालुक्यात साधा नव्हता. स्लॅब म्हणजे पक्कं. ज्याच्या घराला स्लॅब त्याच्या मुलाला चांगल्या घरची मुलगी. आमच्या मुलांच्या डोक्यावर स्लॅब येणार म्हटल्यावर गावं हलली. आईनं पत्रक काढलं: 'श्रीमंतांच्या गाड्यांना पक्कं छप्पर, आमच्या लेकरांना का नाही?' मी तेव्हा शाळेत वरच्या वर्गात होते आणि त्यातला 'लेकरांना' हा शब्द मी सुचवला होता. आईनं 'बालकांना' लिहिलं होतं. गावातल्या एका माणसानं रस्त्याकडेची जमीन दिली. कुणी दगड दिले, कुणी वाळूचे ट्रक, मुंबईच्या काही लोकांनी सिमेंट-लोखंड. बाकी हात आमचे.

स्लॅबचा दिवस लग्नासारखा झाला. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, सगळी एका रांगेत उभी राहिली आणि घमेली हातोहात वर गेली. आमच्याकडे ही रांग एरवी कधी लागत नाही. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, प्रत्येकाचं शेत वेगळं आणि पंगतीला प्रत्येकाची पंगत वेगळी. त्या दिवशी वाटीत पडलेली आमटी सगळ्यांना सारखी तिखट लागली. संध्याकाळी डॉक्टरबाई ओल्या सिमेंटकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या साडीचा रंग ओळखू येत नव्हता. माझी आई त्यांना म्हणाली, "आता विंचू नाही पडणार."

"आता काहीच नाही पडणार," बाई म्हणाल्या.

त्या रांगेत शेकडो आया होत्या. बाई होत्या, माझी आई होती, मी होते. प्रत्येकीनं कधी ना कधी तुळईला झोळी बांधली होती. आणि त्या गुळगुळीत स्लॅबखाली झोळी कुठे बांधायची, हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. तुळई आमच्यासाठी हवेसारखी होती. घर म्हटलं की ती असायचीच. जी गोष्ट कायम डोक्यावर असते, ती नसेल असं कोण धरून चालेल?

नवा दवाखाना सुंदर होता. पांढरा, स्वच्छ, मोठ्या खिडक्यांचा. खाटा जुन्याच होत्या पण रंगवलेल्या. पहिले काही महिने आम्ही पाहुण्यांना दाखवायला न्यायचो. आणि हळूहळू बाईंच्या लक्षात आलं की आया राहत नाहीत. मूल धापेतून बाहेर आलं, ऑक्सिजन निघाला, की दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. इंजेक्शनं अर्धी राहायची. काही मुलं घरी जाऊन बरी व्हायची. काही आठवड्याभरात परत यायची, आधीपेक्षा निळी. काही परत यायची नाहीत.

बाईंना वाटलं, त्यांना मोठ्या जागेची भीती वाटते. माझ्या आईला वाटलं, घरचे पुरुष नेत असणार. तिनं एक जळजळीत पत्रक लिहिलं: 'अर्धा उपचार म्हणजे अर्धा खून'. मी ते वाटलं. बायकांनी ते घेतलं, घडी केली आणि कमरेला खोचलं. सुकटसुद्धा बांधली नसेल त्यात. त्यांना राग आला होता, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

मग माझ्या वहिनीचं बाळ आजारी पडलं.

वहिनी म्हणजे माझ्या चुलत दादाची बायको. आमचं आणि त्यांचं अंगण एकच. टोकावड्याजवळच्या गावातून लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्याहून थोडीच मोठी होती आणि मला हाक मारायची ती "वन्सं" म्हणून, मुद्दाम, चिडवायला, कारण मी समानतेवर भाषणं द्यायचे. तिचं पहिलं मूल, मुलगी, वहिनी माहेरी गेलेली असताना काही महिन्यांची होऊन गेली. ताप, धाप, रस्त्यावर एसटीची वाट. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त तिनं त्या मुलीच्या झोळीचं लुगडं जपून ठेवलं. तिच्या आजीचं होतं, अंजिरी रंगाचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. दुसऱ्या वेळी मुलगा झाला आणि ते लुगडं पुन्हा तुळईला चढलं. बाळ त्यात असलं की वहिनी दोरी सोडायचीच नाही. आमची काकी म्हणायची, "आगं, पोर झोपलाय. तू कोणाला झोपवतेस?"

बाळाला न्यूमोनिया झाला तो भर आवणीत. दवाखान्यात आणलं तेव्हा त्याच्या बरगड्यांखाली खळगे पडत होते. बाईंनी ऑक्सिजन लावला, सुई लावली आणि वहिनीला स्पष्ट सांगितलं, "हा वाचेल. पण माझी सगळी इंजेक्शनं झाल्याशिवाय इथून हलायचं नाही. मधेच नेलंस तर मी काही सांगू शकत नाही. कळलं?"

"कळलं," वहिनी म्हणाली.

घरचे सगळे शेतावर असल्यामुळे तिच्यासोबत मी राहिले. माझं कॉलेज होतं, पण कॉलेजला दांडी मारायला मला कारण लागायचं नाही. दोन दिवसांत बाळाच्या श्वासाचा वेग खाली आला. ऑक्सिजन निघाला. आणि बाळ रडायला लागलं. खाटेवर ठेवलं की रडायचं. मांडीवर घेतलं की डोळे मिटायचं, खाली ठेवलं की पुन्हा. सुई असलेला हात झटकायचं. वहिनीनं त्याला मांडीवर घेऊनच दिवस काढला, मग रात्र, मग दुसरा दिवस. शेजारच्या खाटांवरही तसंच. रडून रडून मुलांना पुन्हा धाप लागायची. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं पिशवी भरायला घेतली.

"कुठे चाललीस?" मी विचारलं.

"घरी."

"बाईंनी काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकला. तू पन ऐक. ह्यो झोपत नाय हितं. झोप नाय तर दूध नाय, दूध नाय तर अंगात काय राहील? घरी झोळीत टाकला का झोपंल."

मी तिला पत्रकातलं सगळं सांगितलं. अर्धा उपचार, हक्क, खून. ती पिशवी भरत ऐकत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, तुमचं पत्रक माज्या पिशवीत हाय. मी शाळेत गेल्ये. वाचला मी." तिचे डोळे भरून आले. "एकदा मी वाट बगत बसल्ये, पोर गेली. आता हितं बसून राह्यलं आनि हा गेला तर मी कोणाला पत्रक देव?"

मी बाईंना बोलावून आणलं.

बाई आल्या, बाळाला तपासलं, वहिनीच्या हातातली पिशवी काढून खाटेखाली सरकवली आणि म्हणाल्या, "झोपत नाही म्हणून चाललीस? एवढंच कारण?"

"एवढंच कसा, बाय?" पलीकडच्या खाटेवरची एक आजी म्हणाली. तिचा नातूही रडत होता. "समदी पोरं त्याच्यासाठीच जातात. झोळी कुठं हाय हितं?"

बाई थांबल्या. त्यांनी वर बघितलं. मग मी बघितलं, मग वहिनीनं, मग वॉर्डातल्या सगळ्याच बायकांनी. पांढरं, गुळगुळीत, विंचू न पडणारं छत. पंख्याच्या हुकाखेरीज कुठेही काहीही अडकवता येणार नाही असं. बाई हळूच स्वतःशी म्हणाल्या, "अरे देवा."

उरलेली दुपार आम्ही झोळी बांधण्यात घालवली. आधी लुगड्याचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं सलाइनच्या स्टँडला बांधलं. स्टँड वाकला, डुलला आणि बाळाऐवजी चाचणीसाठी आत ठेवलेली वहिनीची पिशवी दाणकन खाली आली. त्यातला डबा फुटून भात फरशीभर. बाळ क्षणभर रडायचं थांबलं आणि बघायला लागलं. बायका पोट धरून हसल्या. मग दोन खाटांच्या मधे बांधून बघितली. झोळी एवढी सखल आली की जमिनीला टेकायची. बाई स्वतः टेबलावर चढून पंख्याचा हूक हलवून बघत होत्या, तेव्हा कंपाउंडर ओरडला, "बाई, पंखा चालू आहे!"

संध्याकाळी दादा आला. तो एका कारखान्यात कामाला होता, आवणीसाठी रजा टाकून आलेला. चिखलाच्या पायांनी सरळ शेतावरून आला होता. वहिनीनं त्याला एका वाक्यात सगळं सांगितलं. तो आल्या पावली परत गेला. वहिनीला वाटलं, तो रागावला. काकी तिथं असती तर म्हणाली असती, पुरुषांचं असंच. पण दादा तासाभरात जीपच्या टपावर तीन बांबू बांधून परत आला. आवणीच्या दिवसांत बांधावर झाड नसतं तिथं आमच्याकडे तीन बांबूंची तिकटी उभी करतात, वरून दोरानं आवळतात, मधे झोळी आणि वर इरलं. आई खाली चिखलात, मूल वर कोरडं. दादानं तीच तिकटी शेतातून उपटून आणली होती. बांबूंच्या टोकांना अजून चिखल होता. दारातच बाईंनी अडवलं.

"हे आत न्यायचं नाही. आधी धू."

"धुतो, बाई."

"साबणानं."

"बांबू साबणानं?"

"साबणानं!"

त्यानं दवाखान्याच्या मागच्या नळावर बांबू साबण लावून धुतले, गुरं धुतात तसे. मग वॉर्डाच्या मधोमध तिकटी उभी राहिली. वहिनीनं अंजिरी लुगडं बांधलं, हातानं ओढून दोनदा बघितलं. बाई म्हणाल्या, "डोकं जरा वर राहू दे. सुईचा हात बाहेर." बाळाला आत ठेवलं. ते एकदा किंचाळलं. वहिनीनं कापड जरा हलवलं. पुन्हा एकदा, अर्धवट. मग ते कुशीवर वळलं, गोळा झालं आणि त्या बारीक लुगड्यातून त्याचा पाठीचा गोल दिसायला लागला. वर्षानुवर्षं मी ज्याच्याकडे बघत आले तोच गोल.

वहिनी खाली बसली, दोरी तिनं पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि खाटेच्या कडेला डोकं टेकून तीही झोपली. पायाचा अंगठा मात्र हलत राहिला. दादा दारात उभा राहून बघत होता. बाई त्याला म्हणाल्या, "उद्या असे अजून बांबू आणशील?"

"आवणी हाय, बाई."

"मला माहीत आहे, रे."

"मंग आनतो," तो म्हणाला.

बाळाची सगळी इंजेक्शनं झाली. ते घरी गेलं तेव्हा आमच्या शेतात रोपं उभी राहिली होती.

त्यानंतर त्या वॉर्डात काही महिने बांबूंच्या तिकट्या होत्या. बघायला आलेले पाहुणे विचारायचे, ही शेती आहे का? मग बाईंनी छताला भोकं पाडून जाड लोखंडी कड्या बसवून घेतल्या. प्रत्येक कडीला बाई स्वतः लोंबकळून बघायच्या. त्या वजनदार होत्या आणि ते त्यांना सांगायची हिंमत कुणात नव्हती. कंपाउंडर फक्त म्हणायचा, "बाईंना पेलली म्हणजे हत्तीलाही पेलेल." आयांचं निघून जाणं एका दिवसात थांबलं नाही, पण थांबलं. माझ्या आईनं 'अर्धा उपचार' वालं पत्रक पुन्हा छापलं नाही. तिनं नवं लिहिलं, अगदी छोटं: 'दवाखान्यात झोळीला जागा आहे. येताना लुगडं आणा.' हे पत्रक बायकांनी घरात भिंतीला चिकटवलं. आमच्या मशीनमधून निघालेलं सगळ्यात चांगलं पत्रक मला तेच वाटतं, आणि त्यात 'हक्क' हा शब्द कुठेही नाही.

दवाखाना वाढत गेला. दुसरा मजला आला, मग बाळंतिणींसाठी लहान खोली, मग कुपोषित मुलांसाठी वेगळा वॉर्ड. बाईंच्या हाताखाली आता आणखी डॉक्टर आहेत. दरवेळी स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी सेंट्रिंगवाल्यांनी लोखंड बांधलं की गावातल्या आया वर चढतात आणि सळईला कड्या अडकवतात, म्हणजे त्या सिमेंटमधेच बसतात. ती आता आमच्याकडची रीत झालीये. पहिली कडी नेहमी अशी आई अडकवते, जिचं मूल याच दवाखान्यातून घरी गेलंय. दुसऱ्या मजल्याची पहिली कडी वहिनीनं अडकवली. खालून दादा ओरडला, "वाकडी झाली गो!" ती वरून म्हणाली, "तूच ये मग आनि टांगून घे." तिचा मुलगा आता शाळेत जातो आणि माझ्यासारखाच वर्गात भांडतो.

मग आता मी का लिहितेय?

कारण कड्या आहेत, पण लुगडी संपत चाललीत. माझ्या आजीच्या पिढीच्या बायका एक एक करून जातायत, आणि त्यांची सुती नऊवारी लुगडीही. नव्या साड्या चकचकीत, घसरत्या. त्यात मूल घामेजतं, गाठ सुटते, झोळी सरकते. गेल्या पावसाळ्यात मी वॉर्डात गेले तर बऱ्याच कड्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्याखाली मुलं रडत होती. एका आईनं मला विचारलं, "ताई, कापड हाय का कुठं, मऊ?" वहिनीनं घरी जाऊन अंजिरी लुगडं आणलं आणि दिलं. त्या दिवसापासून ते तिथंच आहे, वेगवेगळ्या पोरांखाली. पण एक लुगडं किती मुलांना पुरेल?

तुमच्या घरात पेटीच्या तळाशी एखादं असेल. आईचं, आजीचं, फाटलेलं, रंग गेलेलं, टाकवत नाही म्हणून ठेवलेलं. ते काढा. धुवा, कडक उन्हात वाळवा आणि तुमच्या जवळच्या लहान मुलांच्या दवाखान्यात नेऊन द्या. आणि तिथं गेलात की मान वर करून बघा. कडी नसेल तर लुगडं हातात धरून तिथंच उभे राहा आणि विचारा, हे मी कुठे बांधू?